आधी मान बघा

मे-जूनमध्ये वसतिगृहे रिकामी व्हायला लागली की ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर गिटारींच्या जाहिराती वाढतात. फोटोत पलंगावर आडवी ठेवलेली गिटार, शेजारी काळी बॅग आणि खाली ठरलेला मजकूर : फारशी वापरलेली नाही, शिकायला वेळ मिळत नाही, बॅग-पिक-कॅपो सोबत देऊ. हा मजकूर बहुतेक वेळा खरा असतो. फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीचे प्रमुख असताना अँडी मूनी यांनी सांगितले होते, की नव्याने गिटार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के लोक पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. याचा सरळ अर्थ असा, की जुन्या गिटारींच्या बाजारात झिजलेल्या वाद्यांपेक्षा न वाजवलेली वाद्ये जास्त असतात. कमी पैशात शिकायला सुरुवात करायची असेल, तर यासारखी सोय नाही.

पण लोक गिटार सोडतात का? कारणे बरीच असतात. परीक्षा असते, नोकरी लागते, शिक्षक मिळत नाही. एक कारण मात्र खुद्द गिटारमध्येच असते आणि ते क्वचितच कुणी ओळखते. तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे त्या जिथे बोटांनी दाबतात त्या पट्टीपासून, फार वर असतील तर त्या दाबताना बोटांची टोके सोलवटून निघतात. सी आणि जी या कॉर्ड कशाबशा वाजतात. एफ कॉर्डला पहिले बोट आडवे ठेवून सगळ्या तारा दाबायची वेळ आली की निम्म्या तारा मुक्या राहतात. शिकणाऱ्या मुलीला वाटते, हे आपल्या हातात नाही. आईवडिलांनाही तसेच वाटते. प्रत्यक्षात मुलीची बोटे ठीक असतात, वाद्य चुकीचे लावलेले असते. हीच गिटार पुढे स्वस्तात विकायला निघते आणि तिच्यासोबत तिचा दोषही नव्या घरी जातो.

म्हणून स्वस्त जुनी गिटार निवडताना नाव, रंग, चकाकी, अगदी आवाजसुद्धा नंतर. आधी बघायची ती मान, म्हणजे नेक, आणि तिच्यावरची तारांची उंची. वाजवणारे या उंचीला ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात.

मानेला एवढे महत्त्व का, हे ताणाच्या आकड्यावरून कळते. पोलादी तारांचा नेहमीचा संच, ज्याची सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असते, पूर्ण सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण ७० ते ७५ किलोचा ताण देतात. एक प्रौढ माणूस जणू रात्रंदिवस त्या मानेला लटकलेला असतो. मान पुढे झुकू पाहते, तारा जिथे बॉडीला अडकवलेल्या असतात तो ब्रिज उपटून निघू पाहतो, ब्रिजमागचे लाकूड फुगू पाहते. चांगल्या गिटारची बांधणी हा ताण वर्षानुवर्षे झेलते. कच्ची बांधणी दोन-तीन पावसाळ्यांत हार मानते, आणि हार मानल्याचे पहिले चिन्ह म्हणजे वर चढलेल्या तारा.

पोलादी तारांसाठी मानेत लोखंडी सळई बसवण्याची कल्पना गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांची. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला तिचे पेटंट झाले. हाच ट्रस रॉड. साउंडहोलच्या, म्हणजे बॉडीवरच्या गोल भोकाच्या, आतून किंवा डोक्याकडच्या छोट्या झाकणाखालून अ‍ॅलन चावी घालून तो फिरवता येतो आणि मानेचा बाक कमी-जास्त करता येतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या स्वस्त गिटारींत फिरवता येणारा ट्रस रॉड नसतोच. मान वाकली की ती तशीच राहते. त्यामुळे विक्रेत्याला फोनवरच पहिला प्रश्न हा विचारावा : ट्रस रॉड आहे का, आणि त्याची चावी मिळेल का? विक्रेत्याला प्रश्नच समजला नाही, तर साउंडहोलच्या आतल्या बाजूचा आणि डोक्याचा फोटो मागवावा.

आता प्रत्यक्ष तपासणी. खास हत्यारे लागत नाहीत. जगभरातल्या एटीएम कार्डांची जाडी एकच ठरलेली आहे, ०.७६ मिलिमीटर. उठावदार अक्षरे नसलेली चार-पाच सपाट कार्डे खिशात असली की झाले. गिटार आधी फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपने पूर्ण सुरात लावून घ्यावी. सैल तारांची उंची मोजण्यात अर्थ नसतो. मग बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरची आडवी धातूची पट्टी), जिथे बहुतेक गिटारींना दोन ठिपके असतात, सर्वांत जाड तारेखाली कार्डे एकावर एक ठेवून सरकवायची. तीन कार्डे तारेला न उचलता जेमतेम जात असतील तर उंची सुमारे २.३ मिलिमीटर. ही उत्तम. चौथे कार्डही जात असेल तर ती तीन मिलिमीटरच्या वर आहे; शिकणाऱ्याला त्रास होईल, पण दुरुस्ती शक्य आहे. पाच कार्डे आरामात जात असतील तर ही गिटार शिकायला घेऊ नये, मग विक्रेता किंमत कितीही उतरवो.

चार कार्डांच्या गिटारचे काय करायचे, हे सॅडलवर ठरते. सॅडल म्हणजे ब्रिजवरची ती पांढरी आडवी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, त्यामुळे तिथली उंची एक मिलिमीटरने कमी करायची तर सॅडल खालून दोन मिलिमीटर घासावी लागते. तीन मिलिमीटरची उंची सव्वादोनवर आणायची असेल, तर दीड मिलिमीटर सॅडल जाईल. आता ब्रिजकडे बाजूने बघावे. सॅडल लाकडाच्या वर तीन-चार मिलिमीटर दिसत असेल तर घासायला जागा आहे. ती आधीच लाकडाला टेकत आली असेल, तर आधीच्या मालकाने हा उपाय करून संपवला आहे आणि खरा दोष मानेच्या कोनात आहे. असा कोन सुधारायचा म्हणजे मान बॉडीपासून सोडवून पुन्हा बसवावी लागते. महागड्या मार्टिन गिटारसाठी हा खर्च परवडतो, पाच हजारांच्या गिटारसाठी नाही.

मानेचा बाक बघायलाही साधा मार्ग आहे. पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते तिथल्या चौदाव्या फ्रेटवर जाड तार एकाच वेळी दाबायची. ताणलेली तार स्वतःच फूटपट्टीचे काम करते. सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढीच फट असावी. फट त्याहून बरीच मोठी असेल तर मान पुढे वाकली आहे. फट अजिबात नसेल तर मान फारच सरळ किंवा मागे गेलेली आहे आणि तारा खरखरू शकतात. ट्रस रॉड असेल तर दोन्ही दोष बहुधा सुधारतात. ते काम मात्र कारागिराने करावे, एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

स्क्रू दिसला की फिरवून पाहायचा मोह किती महागात पडतो, याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लिव्हरपूलचे आहे. पुढे बीटल्समध्ये गाजलेला जॉर्ज हॅरिसन शाळेत असताना त्याने एका मुलाकडून साडेतीन पौंडांना जुनी एगमंड गिटार घेतली. नेदरलँड्समध्ये बनणारी ही अगदी स्वस्त गिटार होती. मान जिथे बॉडीला जोडलेली होती तिथला स्क्रू त्याने उत्सुकतेने फिरवला, मान सुटून हातात आली आणि पुन्हा बसवता येईना. त्याने ती गिटार कपाटात ठेवून दिली. पुढे मोठा भाऊ पीटर याने ती जोडून दिली म्हणून त्याचे शिकणे चालू राहिले.

मान पास झाली की वरच्या फळीकडे वळावे. गिटारचा आवाज मुख्यतः या फळीतून येतो. आधुनिक स्पॅनिश गिटारचा आकार ज्यांनी घडवला त्या आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ मध्ये हे सिद्ध करण्यासाठी एक गिटार बनवली. वरची फळी स्प्रूसची, बाजू आणि पाठ मात्र कागदाच्या लगद्याची. ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. दुकानदार पाठीच्या शिसवी लाकडाचे कौतुक करत असेल, तेव्हा तोरेस यांचा हा प्रयोग आठवावा.

वरची फळी अखंड लाकडाची आहे की प्लायची, हे साउंडहोलच्या कडेवर दिसते. वरून दिसणाऱ्या लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतून तशाच खाली उतरत असतील तर फळी अखंड आहे. कडेला थर दिसत असतील तर प्लाय. अखंड फळीचा आवाज मोकळा आणि वर्षांगणिक सुधारणारा, हे बहुतेक वादकांचे मत. तरीही महाराष्ट्र-कोकण-गोव्याच्या हवेत शिकणाऱ्याने प्लायला नाक मुरडू नये. १९५७च्या जुलैमध्ये लिव्हरपूलच्या वूल्टन भागातल्या चर्चच्या जत्रेत, पॉल मकार्टनीशी ओळख झाली त्या दिवशी, बीटल्सच्या जॉन लेननने जी गॅलोटोन गिटार वाजवली, ती दक्षिण आफ्रिकेत बनलेली स्वस्त प्लायची गिटार होती. आतल्या लेबलवर ‘चिरणार नाही, याची हमी’ अशा अर्थाची ओळ छापलेली होती. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे हवेतल्या ओलाव्याने ते कमी फुगतात आणि कोरड्या हवेत सहसा चिरत नाहीत.

हवेचा हा मुद्दा आपल्याकडे फार मोलाचा आहे. गिटार बनवणारे ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आदर्श मानतात. मुंबई-रत्नागिरीत जुलैमध्ये ती ८० टक्क्यांच्या वर असते, आणि नागपूर-अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी २०-२५ टक्क्यांवर येते. पावसाळ्यात वरची फळी ओलावा पिऊन फुगते, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा चढतात. उन्हाळ्यात उलटे होते. फ्रेटबोर्डचे लाकूड आकसते आणि फ्रेटची धातूची टोके बाजूने बाहेर येऊन बोटांना टोचतात. म्हणून ऑगस्टमध्ये मुंबईत तपासलेल्या गिटारची उंची चार कार्डे भरली, तर हिवाळ्यात ती थोडी उतरण्याची शक्यता असते. मे महिन्यात विदर्भात चार कार्डे भरलेली गिटार मात्र पावसाळ्यात पाचवर जाण्याची शक्यता असते. खरेदीचा महिना लक्षात ठेवूनच उंचीचा निवाडा करावा.

बाकीच्या गोष्टी भराभर बघता येतात. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. तो आत गेला तर ब्रिज सुटायला लागला आहे. ब्रिजमागे किंचित फुगवटा असणे स्वाभाविक आहे, पण साउंडहोल आणि ब्रिज यांच्यामधला भाग खड्ड्यासारखा खचलेला नसावा. फोनचा टॉर्च लावून कॅमेरा साउंडहोलमधून आत घालावा. आतल्या पट्ट्या फळीला सगळीकडे चिकटलेल्या आहेत का ते दिसते. बाहेरून हलके टकटक केल्यावर आत काही थरथरले, तर एखादी पट्टी सुटलेली असते. दमट भागातल्या गिटारमध्ये टाचणीच्या टोकाएवढी भोके आणि पिठासारखा बारीक भुसा आढळला, तर तिथून परत फिरावे. लाकूड पोखरणारा किडा एका गिटारवर थांबत नाही, घरातल्या कपाटापर्यंत जातो.

पॉलिशवरचे ओरखडे, पिकने पडलेले चरे, कडेचा टवका, यांची अजिबात काळजी करू नये. उलट त्यांच्या जोरावर भाव उतरवून घ्यावा. अमेरिकी गायक विली नेल्सन यांच्या ‘ट्रिगर’ या मार्टिन गिटारला दशकानुदशके वाजवून साउंडहोलशेजारी मोठे भोक पडले आहे आणि ते तिच्यावरच कार्यक्रम करत आले आहेत. डोक्याच्या मागे, नटच्या, म्हणजे डोक्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या, लगेच खाली असलेली बारीक भेग मात्र गंभीर असते. नेक तिथेच सर्वांत नाजूक असते. ही जागा जोडून वर रंग मारलेला असेल तर बोट फिरवल्यावर कळते.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवावी. वीस फ्रेटची गिटार असेल तर हे १२० स्वर होतात आणि पाच-सात मिनिटे लागतात. या कामात संकोच करू नये. कुठे खरखर आली, कुठे स्वर मुका झाला, ते लक्षात येते. एखाद-दुसऱ्या जागची खरखर फ्रेट घासून जाते. सगळ्या मानेवर असेल तर पुन्हा बाकाचा प्रश्न. शेवटी प्रत्येक तारेचा मोकळा सूर ट्यूनरवर नेमका लावून तीच तार बाराव्या फ्रेटवर दाबावी. तिथे तोच सूर एक सप्तक वर यायला हवा. काटा बराच बाजूला गेला तर गिटार आहे तशी पूर्ण सुरात वाजणार नाही. जुन्या तारांमुळेही काटा थोडा हलतो, एवढी सूट द्यावी.

भारतीय बाजारात दोन फसगती हमखास होतात. पहिली नायलॉनच्या गिटारची. क्लासिकल गिटार नायलॉनच्या तारांसाठी बनते आणि त्या तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो. घरात कुणीतरी तिच्यावर पोलादी तारा चढवतो आणि काही महिन्यांत ब्रिज उखडतो. डोक्यात दोन लांब खाचा, रुंद मान आणि ब्रिजवर पिनांऐवजी गाठ मारून बांधलेल्या तारा दिसल्या की ती क्लासिकल. तिच्यावर पोलादी तारा असतील तर सौदा करू नये. दुसरी फसगत जुन्या घरांतल्या गिटारींची. आपल्याकडे एके काळी हवाईयन गिटार घराघरांत शिकली जाई. ती मांडीवर आडवी ठेवून धातूचा तुकडा तारांवरून फिरवून वाजवतात आणि त्यासाठी नट मुद्दाम उंच केलेला असतो. अशी गिटार पाहून मान वाकली आहे असे वाटते. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट बघावी. ती केसभर असायला हवी. तिथे दोन-तीन मिलिमीटर दिसले, तर दोष नटचा आहे. नट बदलणे स्वस्त आहे, आणि खाली मान सरळ निघाली तर हा सौदा उत्तम ठरतो.

नावांचा विचार आता करावा. कोलकात्याच्या हॉबनर आणि गिव्हसन या गिटारींवर भारतातल्या अनेक पिढ्या शिकल्या. त्या एकेक करून तपासाव्या लागतात, कारण एकाच नावाच्या दोन गिटारींत फरक पडू शकतो. यामाहाच्या एफ ३१० सारख्या साध्या मॉडेलचे वैशिष्ट्य नेमके उलटे आहे. शंभरातल्या शंभर गिटारी जवळपास सारख्या निघतात. अलीकडे यामाहाची एफ २८० चेन्नईच्या कारखान्यात बनते. या कंपनीने १९६६ मध्ये जपानमध्ये एफजी १८० आणि एफजी १५० बाजारात आणल्या तेव्हापासून स्वस्त आणि भरवशाची गिटार ही तिची ओळख आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या वुडस्टॉक संगीत महोत्सवाच्या मंचावर गायक कंट्री जो मॅकडोनल्ड यांनी हजारो लोकांसमोर जी गिटार वाजवली, ती पट्ट्याऐवजी दोरी बांधलेली एफजी १५० होती. कॉर्ट, फेंडर, इबानेझ, एपिफोन यांची सुरुवातीची मॉडेलेही जुन्या बाजारात मिळतात आणि त्यांनाही वरच्याच कसोट्या लावाव्यात.

भाव ठरवताना आधी त्याच मॉडेलची नवी किंमत दुकानात विचारावी. मुंबईत धोबी तलावाच्या जेर महालात फुर्टाडोज हे १८६५ पासूनचे नाव आहे.  अशा दुकानात नवी गिटार दहा मिनिटे हातात धरली तरी चांगली अ‍ॅक्शन म्हणजे काय, हे बोटांना कळते, आणि जुनी गिटार बघायला जाण्याआधी ते कळलेले असावे. चांगल्या स्थितीतल्या जुन्या गिटारला नव्याच्या निम्मी ते साठ टक्के किंमत रास्त. त्यातून नव्या तारांचे पाचशे ते हजार रुपये आणि कारागिराची सेटअपची, म्हणजे मान आणि सॅडल नीट लावून देण्याची, मजुरी वजा करावी. गंजलेल्या तारा हे भाव पाडायचे कारण आहे, गिटार नाकारायचे नव्हे.

सोबत वाजवता येणारा कुणी असेल तर अवश्य न्यावा. तो गिटार वाजवत असताना घेणाऱ्याने चार-पाच फुटांवर समोर उभे राहून ऐकावे. गिटारचा आवाज पुढे जातो, त्यामुळे वाजवणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला तो वेगवेगळा वाटतो.

घरी आणल्यावर लगेच तारा बदलाव्यात आणि शिकणारा लहान असेल तर ०.०११ किंवा ०.०१० इंचापासून सुरू होणारा संच लावावा. ताण कमी होतो आणि बोटेही कमी दुखतात. सेटअप करून घेताना कारागिराला स्पष्ट सांगावे, की ही गिटार नवशिक्यासाठी आहे आणि बाराव्या फ्रेटवर जाड तारेला सव्वादोन ते अडीच मिलिमीटर उंची हवी. आणि एकाच भावात दोन गिटारी समोर आल्या, एक चकचकीत, नक्षीदार, पण चार कार्डांची आणि सॅडल टेकलेली, दुसरी ओरखड्यांनी भरलेली, पण तीन कार्डांची आणि ट्रस रॉडची, तर दुसरीच घ्यावी.